टच लागला होता

कबड्डीतला टच कधीकधी फक्त दोघांनाच कळतो. ज्याचा हात लागला त्याला, आणि ज्याला लागला त्याला. धूळ उडत असते, सगळे एकदम ओरडत असतात, पंचांच्या डोळ्यांसमोर नेमका कुणीतरी आडवा येतो. अशा वेळी काय घडलं याची नोंद दोन माणसांच्या कातडीवर असते. बाकी कुठेच नसते.

डिसेंबर २०११ मध्ये अशी एक नोंद माझ्या उजव्या घोट्यावर झाली. मी नववीत होतो.

मी लालबागचा. आमच्याकडे आपलं कोण आणि समोरचं कोण हे लहानपणीच ठरून जातं. गणेश गल्लीचं मंडळ १९२८ चं, लालबागच्या राजाचं १९३४ चं, दोघांमध्ये चालत काही मिनिटांचं अंतर. तरी "तू कुठला?" असं विचारलं की छाती पुढे काढून गल्लीचं नाव सांगायचं. शाळेचंही तेच. आमची शाळा रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे, 'ती' शाळा पलीकडे. दोन्हीकडची मुलं चाळीतली, दोन्हीकडचे आजोबा गिरणीतले. फरक काय तो गणवेशाच्या रंगाचा.

दरवर्षी डिसेंबरात दोन्ही शाळांच्या पोरांचा कबड्डीचा सामना व्हायचा. कप नाही, सर्टिफिकेट नाही. अट एकच होती. हरलेल्या शाळेच्या मुलांनी पुढचं वर्षभर पुलावरून जाताना उकिरड्याच्या बाजूच्या फुटपाथनं जायचं. कुणी तपासायला उभं नसायचं, तरी सगळे पाळायचे. आम्ही सलग तीन वर्षं तो वास घेतला होता.

त्या वर्षी शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं पुढे होतो. मी उजव्या कोपऱ्यात. त्यांचा चढाईपटू माझ्याच वर्षाचा, किडकिडीत, वाऱ्यासारखा. तो वाकला, हात टाकला, मी पाय मागे ओढला. नख लागलं. तो मध्यरेषा ओलांडून परत गेला आणि हात वर केला. पंचांना दिसलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "लागला?"

मी मान हलवली. नाही.

शिट्टी वाजली. पोरांनी मला उचललं. तो मुलगा भांडला नाही. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, हाताची माती चड्डीला पुसली आणि निघून गेला. पुढे वर्षभर तो मला पुलावर दिसायचा. उकिरड्याच्या बाजूनं.

आता तुम्ही म्हणाल, नववीतल्या पोराची थाप, त्यावर निबंध कसला? पण या थापेचा बचाव मी इतकी वर्षं केलाय, आणि तो बचाव साधा नाही. मी स्वतःसाठी खोटं बोललो नव्हतो. सहा जण माझ्या बाजूला उभे होते, मागे सगळी शाळा. त्या क्षणी खरं बोलणं म्हणजे त्यांना दगा देणं, असं मला मनापासून वाटलं होतं. आपल्या माणसांशी निष्ठा मोठी की खरं बोलणं मोठं?

हा प्रश्न मी कॉलेजात असताना आजोबांना विचारला. ते १८ जानेवारी १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत होते आणि गिरणीच्या संघातून कबड्डी खेळायचे. मला वाटलं होतं, "आमच्या वेळी कुणी खोटं बोलत नसे" असं काहीतरी ऐकायला मिळेल. ते म्हणाले, "बाहेरचा संघ असला तर आम्हीपण लपवायचो. समोरच्या गिरणीवाल्यांशी मात्र नाही. उद्या नाक्यावर चहा त्यांच्याबरोबरच प्यायचा असायचा."

मला हे उत्तर आधी फार आवडलं. वैर हेही एक नातंच आहे, आणि नात्यात खरं बोलावं लागतं. पण नंतर ते खुपायला लागलं. मग अनोळखी माणसाला फसवलं तर चालतं? ज्याच्याबरोबर उद्या चहा प्यायचा नाही, त्याला खरं सांगायची गरज नाही? आजोबांचा नियम शेजाऱ्यापुरता चांगला होता. त्याला नीती म्हणता येईल का, याची मला शंका आहे. चांगली सवय मात्र नक्की म्हणता येईल.

मला जास्त पटलेलं उत्तर बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाकडे मिळालं. 'द ग्रासहॉपर' या १९७८ च्या पुस्तकात तो म्हणतो, त्याचा गोषवारा असा, की खेळ म्हणजे विनाकारण असलेले अडथळे आपणहून स्वीकारणं. कबड्डीला लावून बघा. मध्यरेषेपलीकडे जाऊन परत यायचं एवढंच असेल, तर रिकाम्या मैदानात दुपारी कुणीही जाऊन येईल. एका दमात, सात जणांमधून, त्यांना शिवून परत यायचं, म्हणून ती कबड्डी. नियम बाजूला ठेवून मिळालेला विजय वाईट विजय नसतो, तो विजयच नसतो. आम्ही त्या दिवशी जिंकलो नाही. जिंकल्यासारखं वागलो.

इथं माझा निष्ठेचा बचाव उलटा फिरतो. मी फसवलं कुणाला? त्या मुलाला नाही. त्याला टच लागल्याचं पक्कं माहीत होतं. त्याच्यावर अन्याय झाला, पण तो फसला नाही. फसले ते माझे सहा जण. जे घडलंच नाही ते घडलं असं समजून ते नाचले. ज्यांच्यासाठी खोटं बोललो, ते खोटं फक्त त्यांनाच लागलं. त्या मैदानात मला खरा ओळखणारा एकच माणूस होता, आणि तो समोरच्या संघात होता.

आणखी एक गोष्ट उशिरा लक्षात आली. तो टच मान्य केला असता तर आम्ही हरलो नसतो. बरोबरी झाली असती, जादा वेळ खेळावं लागलं असतं. म्हणजे मी त्यांचा विजय चोरलाच नाही. मी दोन्ही शाळांचा उरलेला खेळ चोरला. कदाचित तीच दहा मिनिटं आम्हाला आयुष्यभर आठवली असती.

२०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. वरळीच्या स्टेडियममध्ये पहिला सामना झाला तेव्हा आमची अख्खी चाळ टीव्हीसमोर होती. आता तिथे रिव्ह्यू घेतात, कॅमेरा हळूहळू फिरतो, बोट कुठे लागलं ते सगळ्यांना दिसतं. इंजिनिअर म्हणून मला हे आवडतं. आमच्या कामात लॉग नसेल तर रात्री दोन वाजता सर्व्हर का पडला ते कळत नाही. पण लॉग आपण ठेवतो ते यंत्राला लाज नसते म्हणून. पंचांनी मला "लागला?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मला लाज आहे असं धरून विचारलं होतं. चौदा वर्षांच्या पोराला एवढा मान फार वेळा मिळत नाही.

गंमत म्हणजे फुटपाथची अट आम्ही वर्षानुवर्षं कुणाच्या पहाऱ्याशिवाय पाळली. तिथे खोटं बोलणं सोपं होतं, पण कुणाच्या मनातही आलं नाही. हरल्यावर प्रामाणिक राहणं आम्हाला जमत होतं. जिंकण्याच्या एक पाऊल अलीकडे मला ते जमलं नाही.

आमचा कॅप्टन आता लालबाग मार्केटमध्ये घरचं मसाल्याचं दुकान बघतो. गल्ल्यावर, देवांच्या फोटोशेजारी, त्या दिवसाचा फोटो फ्रेम करून लावलाय. मला खांद्यावर घेतलेला. दर डिसेंबरात तोच फोटो आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो आणि खाली हृदयांची रांग लागते. मीही टाकतो एक. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की आता सांगून कुणाचं भलं होणार? सहा जणांचा आनंद जाईल, बाकी काय? पण त्यांचा आनंद सांभाळायचं हे काम मला कुणी दिलं नव्हतं. खरं कळल्यावर त्याचं काय करायचं, हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे. तो मी तेव्हापासून माझ्याकडे दाबून ठेवलाय.

म्हणून हा लेख आला की त्याची लिंक मी ग्रुपवर टाकणार आहे. शिव्या पडतील. फोटो गल्ल्यावर ठेवायचा की उतरवायचा, ते कॅप्टननं बघावं.

त्या मुलाचा नंबर माझ्याकडे नाही. पण पुलापलीकडे कुणालाही विचारलं तरी मिळेल.