ग्रीनसाठी कोण भांडलं?

१ एप्रिल २०२४. नाशिकला कॉलेज रोडवर मित्राच्या रूमवर आम्ही पाच जण मॅच बघत होतो. वानखेडेवर मुंबई विरुद्ध राजस्थान. टॉससाठी हार्दिक पांड्या आला आणि अख्खं स्टेडियम त्याची हुर्यो उडवायला लागलं. माईक संजय मांजरेकरांच्या हातात होता, त्यांनी प्रेक्षकांना नीट वागायला सांगितलं. त्यावर आवाज आणखी वाढला. आमच्या रूमवरही वाढला. खोटं कशाला बोलू, शिट्टी मीही मारली.

मग वाद सुरू झाला, तो आजही अधूनमधून होतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिकला गुजरातकडून ट्रेडमध्ये परत आणलं आणि १५ डिसेंबरला रोहितच्या जागी कर्णधार केलं. पाच कप जिंकून देणारा रोहित! एका मित्राचं म्हणणं असं की, "अरे, रोहित छत्तीसचा झालाय. २०२० नंतर कप नाही. संघाचं भलं बघायचं की एका माणसाचं?" दुसरा म्हणाला, "रोहितला बाजूला काढल्यावर जो उरतो, तो संघ माझा कशाला?"

हा दुसरा प्रश्न वाटतो तितका भावनिक नाही. संघ म्हणजे नक्की काय? मालक, निळी जर्सी, नाव, मैदान. दर मोठ्या लिलावात निम्म्याहून जास्त माणसं बदलतात. 'संघाचं भलं' म्हणताना आपण खरं तर म्हणत असतो की आज आवडणारी माणसं जाऊ देत, उद्या त्याच जर्सीत दुसरं कोणीतरी जिंकेल आणि तेव्हा आपल्याला आनंद होईल. पण हा व्यवहार वेडेपणाचाही नाही. मी सचिनसाठी मुंबईचा झालो, सचिन २०१३ ला थांबला आणि मी थांबलो नाही. म्हणजे माणसापलीकडे काहीतरी आहे, ज्याला मी चिकटून राहिलो. ते काय आहे, हे मला अजून सांगता येत नाही.

मला खुपतं ते वेगळंच. त्या सगळ्या गदारोळात खरोखर विकला कोण गेला? कॅमेरॉन ग्रीन. प्रत्येक संघाची पर्स ठरलेली असते. १५ कोटींचा हार्दिक बसवायचा तर जागा करायला हवी, म्हणून साडेसतरा कोटींचा ग्रीन बंगळुरूला गेला. याच ग्रीनने २१ मे २०२३ ला याच वानखेडेवर हैदराबादविरुद्ध ४७ चेंडूंत नाबाद १०० केले होते आणि त्याच विजयाच्या जोरावर मुंबई प्लेऑफमध्ये गेली होती. सहा महिन्यांत त्याला निरोप. त्याच्यासाठी कोणी शिट्टी मारली नाही, मीही नाही. 'ट्रेड वाईट' हे आमचं तत्त्व असतं तर ते ग्रीनलाही लागू पडलं असतं. आणि हार्दिकला गद्दार म्हणताना आम्ही हेही सोयीने विसरलो की २०२२ च्या मोठ्या लिलावाआधी मुंबईने रोहित, बुमरा, सूर्या आणि पोलार्ड हे चौघे ठेवले होते, हार्दिकला सोडलं होतं. निर्णय मालकांचे. पण मालक टॉसला येत नाहीत, मग शिव्या समोर दिसणाऱ्याला.

हे सगळं मला इतकं का लागतं, त्याचं कारण क्रिकेट नाही.

आमची कंपनी पुण्यात आहे, मी नाशिकहून काम करतो. त्याच वर्षी जानेवारीत बजेट कापलं गेलं आणि मॅनेजरने मला विचारलं, टीममधून एक जण रिलीज करायचाय, तुझं मत काय? मी एक नाव दिलं. ज्यांनी मला पहिल्या वर्षी कोड वाचायला शिकवलं, त्यांचं. कंपनीच्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारायचो, पण बोलायचो अहो-जाहोच. त्यांचा पगार सगळ्यांत जास्त होता आणि नवीन टूल्समध्ये ते मागे पडत होते. दोन महिने ते बेंचवर होते, मग राजीनामा घेतला. प्रोजेक्ट मात्र वेळेत लाइव्ह गेला, टीममधल्या बाकी सहा जणांच्या नोकऱ्या टिकल्या. संघाचं भलं झालं. मित्रांना मी हे रोहितवाल्या वादात कधी सांगितलं नाही.

निकालाने सगळं ठरतं असं धरलं तर मी सुटलो. पण त्या हिशोबाची गंमत बघा. २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी ४ मॅच जिंकून तळाला राहिली, म्हणजे ट्रेड चूक. २०२५ मध्ये क्वालिफायर २ पर्यंत गेली, म्हणजे थोडा बरोबर? अमेरिकेतलं बास्केटबॉल बघा. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने पंचविशीतला लुका डोन्चिच लॉस एंजेलिस लेकर्सला देऊन टाकला. आठ महिन्यांपूर्वी त्यानेच त्यांना फायनलला नेलं होतं, आणि या सौद्याची त्यालाच कल्पना नव्हती. हा सौदा करणाऱ्या निको हॅरिसनला काढा म्हणून प्रेक्षक घोषणा देत राहिले, नोव्हेंबरमध्ये त्याला काढलंही. पण मधल्या काळात डॅलसला लॉटरी लागली, शब्दशः. १.८ टक्के शक्यता असताना नवीन खेळाडूंमधली पहिली निवड त्यांना मिळाली आणि कूपर फ्लॅग आला. उद्या त्याने कप जिंकून दिले तर लुकाला न सांगता पाठवणं मागच्या तारखेने योग्य ठरेल?

मला नाही वाटत. फायदा झाला का, हा एक प्रश्न. ज्याच्या जिवावर फायदा झाला त्याचं आपण काय देणं लागतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर 'हो' आलं म्हणून दुसरा मिटत नाही. लीड म्हणून तेच नाव मी आजही देईन, असं वाटतं. पण आधी त्यांना फोन केला असता. नाव मी दिलंय, हे त्यांना माझ्याकडून कळायला हवं होतं. शिव्या खायला मी समोर असायला हवं होतं. ते त्यांनी एचआरच्या मीटिंगमध्ये ऐकलं, तेही माझ्या नावाशिवाय.

२९ जून २०२४ ला बार्बाडोसमध्ये शेवटची ओव्हर हार्दिकने टाकली, भारत ७ धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर लोक त्याच्या नावाचा जयघोष करत होते. फायनलच्या रात्री साडेबाराच्या सुमारास मला त्यांचा मेसेज आला होता, "बघितलंस? आपला हार्दिक!" ते पहिल्यापासून त्याचे फॅन. मी तीन हार्ट पाठवले. मग बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि पुसून टाकलं.