तंबू सगळ्यात शेवटी

सातारा, ९ ऑक्टोबर

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी वाचली. सगळ्यात वर तंबू, मग 'हजार वॅट'चा दिवा, मग कार्बन फिल्टर, मग पाच रंगांच्या बाटल्यांमधली खतं, आणि अगदी तळाशी, स्वस्त म्हणून असेल कदाचित, पीएच मीटर. ही यादी उलटी कर. मीटर आधी, तंबू सगळ्यात शेवटी.

कारण सांगते. घरात तंबू उभारून भाजी पिकवण्याची ही पद्धत थंड मुलखातली. कॅनडात किंवा युरोपच्या उत्तरेला हिवाळ्यात ऊन नावालाच असतं. तिथे दिव्याचा प्रकाश वाया जाऊ न देणं आणि ऊब धरून ठेवणं, दोन्ही कामं तंबू करतो. तुझ्या वाकडच्या फ्लॅटमध्ये ती ऊब कोणाला हवी आहे? खिडकी डक्टकडे उघडते, ऊन येत नाही, म्हणून दिवा लागणार हे मान्य. पण पुण्यात आपलं भांडण अंधाराशी कमी आणि उष्णतेशी जास्त आहे. प्रत्येक वस्तू घेताना एवढंच विचार: हिच्यामुळे आतली गरमी वाढणार की कमी होणार?

कार्बन फिल्टर आजच काढून टाक. अमेरिका-कॅनडात हे तंबू घरोघरी पोचले ते मुख्यतः गांजामुळे, आणि त्याचा वास शेजारी जाऊ नये म्हणून संचात फिल्टर आला. कोथिंबिरीचा वास शेजारी गेला तर जाऊ दे. उलट फिल्टर लावला की पंख्याला हवा ओढायला जोर पडतो. आपल्याकडे १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्याशिवाय गांजा लावणं गुन्हा आहे, आणि बंद तंबूतून रात्री उजेड झिरपताना दिसला की सोसायटीत कुजबुज होणारच. एकदा शेजाऱ्यांना बोलावून आतला लेट्यूस दाखव, विषय संपेल.

आता दिवा. जाहिरातीतला 'हजार वॅट' हा आकडा जुन्या दिव्यांशी केलेल्या तुलनेतून येतो, प्रत्यक्षात तो दिवा शंभर-सव्वाशे वॅटच वीज ओढत असतो. खोक्यावरचं मोठं अक्षर सोड, 'प्रत्यक्ष वीजवापर' कुठे लिहिलाय ते शोध. लुमेनच्या आकड्यालाही भुलू नकोस. लुमेन माणसाच्या डोळ्याला किती उजेड वाटतो ते सांगतं. झाडाचा प्रकाश मायक्रोमोलमध्ये मोजतात, आणि चांगला एलईडी एका वॅटमागे सेकंदाला अडीच मायक्रोमोलच्या आसपास देतो. लेट्यूसला दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण १४ मोल प्रकाश पुरतो. सोळा तास दिवा चालवलास तर सेकंदाला सुमारे २४० मायक्रोमोल झाले. तुझी जागा ६० सेंटिमीटर गुणिले ६०, म्हणजे चौरस मीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडी जास्त. हिशेब कर: पस्तीस वॅटमध्ये भागतं, वाया जाणारा प्रकाश धरून पन्नास-साठ. तेव्हा शंभर वॅटचा, कमी-जास्त करता येणारा पांढरा एलईडी घे आणि साठवर चालव. कमी ताकदीवर तो थंड राहतो आणि टिकतोही जास्त.

पांढराच घे. ते जांभळे, लाल-निळे दिवे स्वस्त मिळतात, झाडं त्यात वाढतातही. पण त्या उजेडात पानं काळी दिसतात, आणि पिवळेपणा किंवा मावा वेळेवर लक्षात येत नाही. नव्या माणसाला तर पान बघूनच शिकायचं असतं.

विजेचं बिल आधीच समजून घे. साठ वॅट, सोळा तास: दिवसाला जेमतेम एक युनिट, महिन्याला तीस. पंखा चोवीस तास चालणार, तो पंचवीस वॅटचा धरला तर आणखी अठरा. पंप किरकोळ. म्हणजे महिन्याला पन्नास युनिटांच्या घरात. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात, तेव्हा मागची बिलं काढून तुम्ही कुठे आहात ते बघ. दोनशे ऐंशीवर असाल तर या पन्नासातले तीस युनिट तीनशेच्या टप्प्यापलीकडे जातील आणि त्यांचा दर वरचा लागेल. मेथीची जुडी मंडईत काय भावाने मिळते ते तुला माहीत आहे. पैसे वाचतील म्हणून हे करत असशील तर करू नकोस. पण बेसिल, कोवळा लेट्यूस, रॉकेट ही भाजी तोडल्याबरोबर ताटात हवी असेल तर जरूर कर.

दिवा दिवसा लावायचा नाही. संध्याकाळी सहाला सुरू आणि सकाळी दहाला बंद, असा टायमर लाव. लेट्यूसला घड्याळ कळत नाही. आपल्याला मात्र रात्रीचा गारवा फुकट मिळतो. टायमर घेताना आत बॅटरी असलेला डिजिटल घे. दात्यांच्या चकतीचा साधा टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. चार वेळा लाइट गेली की तुझी संध्याकाळ मध्यरात्री उगवायची.

पंखा चार इंची इनलाइन पुरे. ६० बाय ६० आणि दीड मीटर उंच तंबूतली सगळी हवा मिनिटाला एकदा बदलायची तर ताशी पस्तीस घनमीटरसुद्धा लागत नाही, आणि चार इंची पंखा त्याच्या कितीतरी पट ओढतो. म्हणून वेग कमी करता येणारा घे आणि हळू चालव, नाहीतर आवाजाने निखिलची झोप जाईल. पंखा वरून गरम हवा बाहेर काढतो, खालच्या जाळीतून खोलीतली हवा आत येते. तंबूच्या भिंती किंचित आत ओढल्यासारख्या दिसल्या म्हणजे काम बरोबर चाललंय. पण पंखा खोलीपेक्षा गार करू शकत नाही हे विसरू नकोस. खोलीत चौतीस अंश असतील तर तंबूत छत्तीस. शिवाय आत एक छोटा क्लिपचा पंखा हवाच. हवा हलली नाही की लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांपर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि कडा करपतात. लोक मग आणखी खत घालतात, आणि रोग मात्र हवेचा असतो.

आता पाणी. या सगळ्या खटाटोपात माझा जीव अडकतो तो इथे. मातीऐवजी मुळं पाण्यात बुडवून ठेवायची म्हणजे त्यांना श्वास त्या पाण्यातूनच घ्यायचा. वीस अंशाच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो, आणि नेमक्या त्याच गरमीत मुळांची प्राणवायूची भूक वाढते. पिथियम नावाची मूळकुज हीच संधी साधते. पांढरी मुळं तपकिरी, बुळबुळीत होतात आणि उग्र वास येतो. मग कुठलीही बाटली ओत, उपयोग नाही. म्हणून पाण्याचा थर्मामीटर मीटरइतकाच महत्त्वाचा धर. पाणी अठरा ते बावीस अंशांत राहिलं तर उत्तम, पंचविसाच्या वर गेलं की सावध हो. टाकी दिव्याच्या उष्णतेपासून लांब, थेट फरशीवर ठेव. आपल्याकडची फरशी गार असते, त्या गारव्याचा फायदा घे. मे महिन्यात हौस बंद ठेव.

पद्धत कोणती? पाइपांतून पाणी फिरवायची एनएफटी दिसायला देखणी, पण पंप बंद पडला की त्या पातळ पाण्याच्या थरातली मुळं काही तासांत वाळतात. जिथे वीज जाते तिथे नव्या माणसाने तिच्या वाटेला जाऊ नये. तू झाकणाचा, उजेड न शिरणारा वीस लिटरचा क्रेट घे, झाकणाला भोकं पाडून दोन इंची जाळीच्या कुंड्या बसव आणि माशांच्या टाकीचा हवेचा पंप लाव. हा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवायचा किंवा नळीत उलट न येणारा वाल्व्ह घालायचा. नाहीतर वीज गेल्यावर पाणी त्याच नळीने उलटं पंपात येतं आणि तिथून फरशीवर, पुढे खालच्यांच्या छतावर. क्रेटखाली एक मोठा ट्रे ठेवच, भाड्याचं घर आहे. एक्स्टेन्शन बोर्ड तंबूबाहेर आणि उंचावर, दिव्याची पिन अर्थिंगची.

पंपही नको वाटला तर हवाई विद्यापीठातल्या क्रॅटकी यांची पद्धत आहे. पाणी एकदाच भरायचं. झाड पिऊन पातळी खाली जाते, वर राहिलेली मुळं दमट हवेत श्वास घेतात, खालची पाणी ओढतात. लेट्यूसचं एक पीक असं विजेशिवाय निघतं. आपल्या देशातही हा विचार नवा नाही. दार्जिलिंगच्या बाजूला शोल्टो डग्लस यांनी चाळीसच्या दशकात साध्या साधनांनी मातीविना शेतीचे प्रयोग केले आणि १९५१ साली त्यावर 'हायड्रोपोनिक्स: द बेंगॉल सिस्टिम' हे पुस्तक काढलं. तेव्हा कुठे होते टायमर आणि चकचकीत तंबू!

मोजायची साधनं दोन, पीएच आणि ईसी. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये राहिला तर लोहासारखी सूक्ष्म द्रव्यं झाडाला घेता येतात. त्याच्या वर गेला की खत पाण्यात असूनही झाड उपाशी. पेनासारखा मीटर चालेल, पण त्याच्याबरोबर चार आणि सातच्या पीएचची बफर द्रावणं आणि पेन ठेवायचं द्रावणही मागव, आणि महिन्यातून एकदा मीटर तपासून घे. पेन शुद्ध पाण्यात बुडवून ठेवू नकोस, त्याचं टोक खराब होतं. पीएच उतरवायला फॉस्फरिक आम्लाची बाटली मिळते. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा घाल. लिंबाचा रस घालशील तर एक-दोन दिवसांत पीएच पुन्हा वर, शिवाय पाण्यात जंतूंना मेजवानी.

ईसी म्हणजे पाण्यात किती क्षार विरघळलेत ते. लेट्यूसला १.२ ते १.८ मिलिसिमेन्स, आणि रोपं लहान असताना त्याच्या निम्मे. टीडीएस दाखवणारा मीटर घेऊ नकोस. तो ईसीच मोजतो आणि मनाने गुणाकार करतो, कोणी पाचशेने, कोणी सातशेने. तेच १.४ एका मीटरवर ७०० दिसतं आणि दुसऱ्यावर ९८०. पुस्तकात एक आकडा, तुझ्या हातात दुसरा, आणि चूक कुठे आहे ते कळणार नाही.

खताबाबत तुझ्या बाबांचा फोन येऊन गेलेला दिसतो: 'शेतातलं १९:१९:१९ आहे ना पोतंभर!' ते ठिबकला छान आहे. त्यातला निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतो, आणि जमिनीतले जंतू त्याचं झाडाला घेता येईल असं रूप करून देतात. क्रेटमधल्या पाण्यात ते जंतू फारसे नसतात. म्हणून हायड्रोपोनिक्ससाठीचं, 'अ' आणि 'ब' अशा दोन भागांतलं साधं खत घे. दोन भाग असण्यात विक्रीची युक्ती नाही. एकात कॅल्शियम असतं, दुसऱ्यात सल्फेट आणि फॉस्फेट. दाट द्रावणात दोन्ही एकत्र आली की तळाला पांढरा गाळ बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. आधी 'अ' भरपूर पाण्यात ढवळायचं, मग 'ब'. यादीतल्या बाकीच्या बाटल्या, मुळं वाढवणारी, चव वाढवणारी, फुलं आणणारी, सगळ्या खोडून टाक.

महापालिकेचं धरणाचं पाणी येतं तोवर ते सरळ वापर. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते, ते पाणी बहुधा बोअरचं आणि जड असतं, ते आरओमधून काढावं लागेल. आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जवळजवळ उरत नाही, ते वरून द्यावं लागतं.

कोकोपीट, मातीच्या भाजक्या गोळ्या, रॉकवूल यातलं जे मिळेल ते घे, फरक किरकोळ आहे. कोकोपीट मात्र दोनदा धुऊन घे, त्यात मीठ असतं.

राहिला तंबू. पांढऱ्या भिंतीच्या कोपऱ्यात लोखंडी रॅक ठेवून त्याला दिवा टांगलास तरी पहिलं पीक निघेल. लेट्यूसला पूर्ण अंधाराची गरज नसते, त्यामुळे शिवणीतून उजेड झिरपला तर बिघडत नाही. दोन महिने रॅकवर काढ. त्यानंतर रात्रीचा उजेड झोपेत येतोय किंवा धूळ फार बसतेय असं वाटलं, तर ६० बाय ६०चा, किमान १४० सेंटिमीटर उंचीचा तंबू घे, आणि दिवा टांगायच्या दांड्या किती वजन पेलतात ते विचार. चेन पूर्ण उघडायला समोर हातभर जागा लागते, तेव्हा कपाट कुठे आहे ते बघून माप घे. नवा असताना प्लास्टिकचा वास येतो, दोन-चार दिवस गच्चीत उघडा ठेव.

पंप आणि नळ्या मत्स्यालयाच्या दुकानातून, टायमर-वायर बुधवार पेठेतून, क्रेट बोहरी आळीतून. मीटर आणि खत मात्र ऑनलाइनच मागवावं लागेल. दिवाळीच्या सुटीत खरेदी केलीस तर नोव्हेंबरच्या मध्याला बी पडेल, आणि पुढचे तीन महिने पुण्याची हवा तुझ्या बाजूने राहील. पहिल्यांदा फक्त लेट्यूस लाव. कोथिंबीर दुसऱ्या फेरीत, धणे रगडून दोन फाका करून. टोमॅटो-मिरचीचं नावही काढू नकोस, त्यांना दुप्पट उजेड लागतो.

मीटर आला की आधी नळाच्या पाण्याची ईसी आणि पीएच मोजून मला कळव. खताचं प्रमाण त्यावरून ठरवू. तोवर दिव्याची ऑर्डर थांबव.

निखिलला आशीर्वाद, ताईला नमस्कार.

तुझी,
सुमा मावशी