मध्यभागाचा भ्रम

आपल्याला जे दिसत नाही ते मुळी नाहीच, असे मानण्याकडे मनुष्याच्या बुद्धीचा स्वाभाविक कल असतो. हा कल केवळ अज्ञ किंवा दुराग्रही माणसांच्या ठिकाणी असता, तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु चोख निरीक्षण करणाऱ्या प्रामाणिक माणसालाही तो फसवितो. तेव्हा, जे दिसले ते आम्ही खरेपणाने सांगितले, एवढ्याने पाहणाऱ्याचे कर्तव्य पुरे होते काय, असा प्रश्न उत्पन्न होतो. आम्हांस या प्रश्नाचा उलगडा नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा ज्योतिषाच्या इतिहासात अधिक स्पष्ट झालेला दिसतो. म्हणून ती हकीकत प्रथम सांगतो.

विल्यम हर्शल हा मूळचा संगीताचा व्यवसाय करणारा गृहस्थ. 1781 साली युरेनस ग्रह शोधल्यामुळे त्याचे नाव जगभर झाले. पुढे आकाशाच्या शेकडो भागांवर दुर्बीण रोखून त्याने तारे मोजले, आणि 1785 साली आपल्या आकाशगंगेचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात आपला सूर्य जवळजवळ मध्यभागी पडला होता. 1922 साली डच ज्योतिषी कॅप्टाइन याने कितीतरी अधिक साधनसामग्रीनिशी हेच काम केले. त्यालाही सूर्य मध्याच्या जवळच आढळला. दोघांच्याही मोजणीत खोटेपणा नव्हता. चूक होती ती, वाटेत काही आडवे येत नाही, या न बोललेल्या गृहीतात. आकाशगंगेच्या पट्ट्यात ताऱ्यांच्या दरम्यान सूक्ष्म धूळ पसरलेली आहे. तिच्यामुळे दूरचे तारे लोपतात आणि चहूकडे साधारण सारख्याच अंतरावर दृष्टी अडते. दाट धुक्यात उभ्या असलेल्या वाटसरूला आपणच मैदानाच्या मध्यावर उभे आहो असे वाटावे, तसा हा प्रकार झाला. शॅप्लीने 1918 साली या पट्ट्याबाहेर दूरवर असलेल्या तारकागुच्छांवरून सूर्य एका बाजूला असल्याचे दाखविले, आणि 1930 साली ट्रम्प्लरने या धुळीचा परिणाम मोजून सिद्ध केला. मध्यापासून आपण सुमारे 26,000 प्रकाशवर्षे दूर आहो असे आता ठरले आहे.

या कथेतील मौजेचा भाग पुढेच आहे. 1800 साली याच हर्शलने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून निरनिराळ्या रंगांत उष्णतामापक ठेविले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या मापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. हेच अवरक्त किरण. ज्या धुळीने हर्शलला फसविले, तिला भेदून येणारा प्रकाश त्याच्याच हाती लागला होता. परंतु त्याचा हा उपयोग त्याच्या हयातीत कोणाच्या ध्यानी येणे शक्य नव्हते.

तो उपयोग आता मोठ्या प्रमाणावर झाला आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट वेधशाळेत 2011 साली ‘अपोजी’ नावाचा अवरक्त वर्णपटलेखक कामास लागला, आणि 2017 साली त्याचा जोडीदार चिलीतील लास कँपानास वेधशाळेत बसविण्यात आला. एका वेळी 300 काचतंतूंतून तितक्या ठिकाणांचा प्रकाश त्यात येतो. बरीच वर्षे हे तंतू ॲल्युमिनियमच्या तबकडीतील भोकांत माणसे हाताने बसवीत असत. हिरव्या प्रकाशाच्या सुमारे तिप्पट लांबीच्या तरंगांवर हे यंत्र काम करते. आकाशगंगेच्या मध्यातून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोहोचतो. अवरक्त प्रकाशाची वाट मात्र पुष्कळच मोकळी असते. 2021 सालापर्यंत साडेसहा लाखांहून अधिक ताऱ्यांचे वर्णपट अशा रीतीने नोंदले गेले, आणि त्यांवरून त्यांची गती व त्यांतील लोह, मॅग्नेशियम इत्यादी द्रव्यांचे प्रमाण कळले.

या यंत्राची एक गोष्ट आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. प्रत्येक उष्ण पदार्थ स्वतःच अवरक्त किरण सोडतो. म्हणून हे यंत्र निर्वात पेटीत ठेवून द्रव नायट्रोजनने शून्याखाली सुमारे 190 अंशांपर्यंत थंड करावे लागते. तसे न केल्यास त्याच्या स्वतःच्या उष्णतेतच ताऱ्यांचा क्षीण प्रकाश बुडून जाईल. दुसऱ्याचा प्रकाश ओळखायचा तर आपली ऊब आधी निवविली पाहिजे.

येथे आमचा स्वतःचा एक दोष सांगणे प्राप्त आहे. आम्ही तर्कशास्त्र शिकवितो. पहिली काही वर्षे आम्ही वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारीत असू. पुढच्या दोन बाकांवरून उत्तरे येत, आणि वर्ग समजला असे मानून आम्ही समाधानाने घरी जात असू. एकदा परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना, आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने मांडलेल्या एका युक्तिवादातील दोष मोडक्या इंग्रजीत चार ओळींत दाखविलेला आढळला. विद्यार्थी शेवटच्या बाकावरचा होता. ‘वर्गात का नाही विचारलेस?’ असे आम्ही म्हटले. तो म्हणाला, ‘सर, इंग्रजीत बोलण्याचा धीर होत नाही.’ दुसऱ्या दिवसापासून आम्ही मराठीतून प्रश्न विचारू लागलो. मागच्या बाकांवर हात वर होऊ लागले. मुले तीच होती. इतके दिवस आम्हीच त्यांना अपुऱ्या प्रकाशात पाहत होतो.

यावर कोणी म्हणेल की, अशाने कोणत्याच निरीक्षणावर विश्वास उरणार नाही. हा आक्षेप आम्हांस बरोबर वाटत नाही. मोजणे व्यर्थ आहे असे ट्रम्प्लरने म्हटले नाही. त्याने आडवी येणारी धूळही मोजली. संशयवादी हात झाडून मोकळा होतो. खरा शोधक दुसऱ्या जातीचा प्रकाश शोधू लागतो.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो : प्रामाणिकपणाने पाहणे हे कर्तव्याचे अर्धे अंग होय. आपल्या व पाहावयाच्या वस्तूच्या मध्ये काय आहे, हे विचारणे हे दुसरे अर्धे. हर्शल चुकला, पण तो दोषी नव्हता. इतकेच नव्हे, आपल्या आराखड्यामागील गृहीते चुकीची असल्याचे त्याने उतारवयात स्वतःच मान्य केले. त्या उत्तरपत्रिकेपूर्वी आमचीही चूक कदाचित क्षम्य असेल. ती वाचल्यानंतरही आम्ही पुढच्या दोन बाकांकडेच पाहत राहिलो असतो, तर मात्र तिला चूक म्हणता आले नसते.