न्यायाची साखळी, कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गावच्या पारावर ऐकली, मशिदीच्या ओट्यावर ऐकली, आणि बांधाच्या भांडणात निम्मी जमीन वकिलाच्या फीपायी घालवलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून तर अनेकदा ऐकली. ही म्हण हिंदूंची की मुसलमानांची, असा प्रश्न कधी कुणाला पडला नाही. ती सगळ्यांचीच होती. ज्या वास्तूला आपण न्यायमंदिर म्हणतो, तिच्या पायरीपासून शहाण्याने लांब राहावे, असे आपलीच भाषा सांगते. यात गंमत वाटण्यासारखे काही नाही. राज्यघटना लागू होऊन पाऊणशे वर्षे झाल्यावरही ही म्हण जुनी झालेली नाही.

याच काळात आम्ही आणखी एक गोष्ट ऐकत होतो. वाजच्या रात्री मौलवीसाहेब जहांगीर बादशहाच्या साखळीची कहाणी रंगवून सांगत. १६०५ मध्ये तख्तावर बसल्यावर आपण पहिला हुकूम दिला तो न्यायाची साखळी लटकवण्याचा, असे जहांगीरने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. साखळी शुद्ध सोन्याची, तिला साठ घंटा, एक टोक आग्र्याच्या किल्ल्याला आणि दुसरे यमुनेकाठच्या दगडी खांबाला. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने ती ओढावी, बादशहा जातीने दाद देईल. हे ऐकताना आमच्या अंगावर रोमांच उभे राहत. पुढे कधीतरी मनात शंका आली, की आमच्यासारखा दख्खनचा कुणबी किंवा मोमीन साखळी ओढायला आग्र्यापर्यंत पोहोचणार कसा? पोहोचलाच, तर खांबाजवळच्या पहारेकऱ्याला काय देणार? आणि जहांगीरनंतरच्या बादशहाला घंटेचा आवाज आवडला नाही तर?

आमच्या परंपरेत दुसरीही एक कथा आहे. ती वाजमध्ये सांगतात, पण तिच्यावर विचार कमी करतात. खलिफा हजरत अली यांचे हरवलेले चिलखत एका ज्यू नागरिकाकडे आढळले. खलिफाने ते हिसकावून घेतले नाही, तर काझी शुरैह यांच्यापुढे फिर्याद नेली. काझीने साक्षीदार मागितले. खलिफाने आपल्या मुलाचे नाव पुढे केले. बापाच्या बाजूने मुलाची साक्ष चालणार नाही, असे सांगून काझीने खलिफाच्या विरुद्ध निकाल दिला.

या दोन कथा एकाच माळेतल्या आहेत असे आम्ही समजत आलो, आणि तिथेच चुकलो. पहिल्या कथेत राजा चांगला आहे. दुसऱ्या कथेत राजाच्या डोक्यावर कायदा आहे. पहिलीत मिळते ती मेहरबानी, दुसरीत मिळतो तो हक्क. मेहरबानीसाठी हात पसरावा लागतो. हक्कासाठी नुसते उभे राहिले तरी पुरते. ज्यांना आज विकसनशील म्हणतात त्या देशांचे दुखणे असे, की त्यांच्या घटनेत काझी शुरैह आहे आणि कारभारात जहांगीर. जहांगीर भला निघाला तर ठीक, नाहीतर साखळी ओढणाऱ्याचेच हात बांधले जातात.

असे का झाले? गोरा साहेब गेला, पण त्याची चौकी राहिली. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६० मध्ये दंडसंहिता आणली आणि १८६१ मध्ये पोलीस कायदा केला. प्रजेला न्याय देण्यापेक्षा तिला धाकात ठेवण्याची निकड त्या वेळी मोठी होती. स्वातंत्र्यानंतर खुर्चीवरची माणसे बदलली, खुर्चीची सवय बदलली नाही. २०२४ च्या १ जुलैपासून दंडसंहितेच्या जागी नवी न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. पण ठाण्याच्या दारात उभ्या राहिलेल्या गरिबाच्या छातीतली धडधड कमी झाली का, हे ज्याचे त्याने आपल्या मनाला विचारावे.

आपल्या माणसांचे राज्य आले की न्याय आपोआप येतो, अशी एक भोळी समजूत असते. शेजारचा पाकिस्तान पाहा. १९५४ मध्ये तिथल्या गव्हर्नर जनरलने घटना समितीच बरखास्त केली. समितीचे अध्यक्ष मौलवी तमीझुद्दीन खान कोर्टात गेले. सिंधच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण १९५५ मध्ये न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर यांच्या फेडरल कोर्टाने तो फिरवला. १९५८ मध्ये लष्करी राजवट आली तेव्हा त्याच न्यायमूर्तींच्या न्यायालयाने यशस्वी झालेली क्रांती स्वतःच कायदा ठरते, असा अर्थ लावून तिलाही मान्यता दिली. राज्यकर्ते मुसलमान, सरन्यायाधीश मुसलमान, फिर्यादी मुसलमान, आणि तरीही कायदा हरला. त्या निकालांची किंमत तिथल्या सामान्य माणसाने पिढ्यान् पिढ्या मोजली.

आपल्याकडेही असा दिवस आला होता. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितले, की स्थानबद्ध केलेल्या माणसाला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही. विरोधात गेलेला तो एकटा आवाज न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचा. चौघांत एक होते न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्ला बेग. १९७७ च्या जानेवारीत खन्नांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. आपल्यातला एक माणूस त्या खुर्चीवर बसला म्हणून त्या दिवशी आमच्यातल्या काहींना आनंद झाला असेल. पण तुरुंगातल्या माणसाचा हक्क राखायला उभा राहिला तो खन्ना. १९७६ चा तो निकाल चूक होता, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निःसंदिग्धपणे मान्य केले. न्यायाधीशाचे नाव वाचून न्याय ओळखता येत नाही, एवढे यातून आम्ही शिकायला हवे होते.

आता तुरुंगाकडे वळू. १९७९ मध्ये बिहारच्या तुरुंगांतील कच्च्या कैद्यांची हकिगत सर्वोच्च न्यायालयापुढे आली. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ काहीजण खटल्याविनाच आत होते. त्या प्रकरणाला नाव मिळाले ते एका मुस्लिम स्त्रीचे, हुसैनारा खातून. न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले, की खटला लवकर चालणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यातून हजारो कैदी सुटले. पुढे अर्धी शिक्षा आतच भोगून झालेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद कायद्यात आली, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्यासाठी ती आता एक तृतीयांशावर आली आहे. तरतूद उत्तम आहे. पण २०२२ च्या अखेरीस देशातल्या सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतल्या तिघांचा गुन्हा अजून ठरायचाच होता. आमच्या समाजाचा त्यांतला वाटा लोकसंख्येतील वाट्याहून मोठा आहे. दलित आणि आदिवासी बांधवांचेही तेच. तुरुंगाची भिंत धर्म पाहते की गरिबी, यावर वाद घालता येईल. बहुधा ती दोन्ही पाहते.

मालेगावला ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, मशीद आणि बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले. मेले ते आमचे, आणि पकडले गेले तेही आमचेच नऊ तरुण. २०११ मध्ये त्यांतले सात जण जामिनावर बाहेर आले. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तोवर नवांतला एक जण अल्लाघरी गेला होता. त्याच वर्षी, ११ जुलै २००६ ला, मुंबईच्या लोकलगाड्यांत सात स्फोट झाले आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. २०१५ मध्ये बारा जण दोषी ठरले, पाचांना फाशी सुनावली गेली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. एकजण तोवर तुरुंगातच मरण पावला होता. सरकार वरच्या कोर्टात गेले. त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत धाडले नाही.

अशा निकालाच्या दिवशी आम्ही मिठाई वाटतो. वाटावीही. पण चर्चगेटहून घरी निघालेला जो प्रवासी त्या संध्याकाळी पोहोचलाच नाही, त्याच्या आईने काय वाटावे? एकोणीस वर्षांनी तिला सांगितले गेले, की तू ज्यांना शिव्याशाप देत होतीस त्यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही. चुकीच्या माणसाला धरण्यात दुहेरी अन्याय असतो. आत गेलेल्याचे तारुण्य जाते आणि मेलेल्याचा न्याय जातो. या दोन घरांनी एकमेकांचे वैरी का व्हावे? त्यांची फिर्याद तर एकच आहे.

१९९२-९३ च्या मुंबई दंगलींचेही हेच झाले. श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. ९०० मृत्यू, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. त्यापाठोपाठ १२ मार्च १९९३ रोजी स्फोट झाले, त्यांत २५७ गेले. स्फोटांचा खटला विशेष न्यायालयात चालला आणि शंभर जण दोषी ठरले. ते योग्यच झाले. दंगलीच्या बहुतेक गुन्ह्यांचे काय झाले, हे मुंबईकराला सांगायला नको. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे तीस वर्षे होत आली तेव्हा, बेपत्ता १६८ जणांपैकी ज्यांच्या घरच्यांना भरपाई मिळाली नव्हती त्यांचा शोध घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. एकाच शहरातल्या दोन रक्तपातांना दोन मापे लागली. कायद्याच्या राज्याला याहून मोठी जखम नाही. आणि १३ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयाला हेही बजावावे लागले, की आरोपी आहे एवढ्यावरून कुणाचे घर पाडता येणार नाही आणि आधी पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागेल. घर पाडून शिक्षा देणारा अधिकारी हा जहांगीरच, फक्त त्याच्या हातात साखळीच्या जागी बुलडोझर आहे.

इथवर वाचक मान डोलावत आले असतील. आता आपल्या गल्लीत येऊ.

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा काही वर्षांपूर्वी चौकशीसाठी नेला गेला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या घराचे दार बंद झाले. दार त्यांनी लावले, पण बंद आम्ही केले. शेजारच्या बायांनी डबा द्यायचे सोडले. जमातीच्या बैठकीत त्याचा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाला, "काहीतरी केलंच असेल, त्याशिवाय पोलीस येतात का?" आम्ही तिथे बसलो होतो. आम्ही गप्प राहिलो. त्याच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडले, तेव्हाही गप्प राहिलो. दोन वर्षांनी तो सुटून आला आणि सलाम करून पुढे गेला, थांबला नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व आम्ही भाषणांतून सरकारला ऐकवत असतो. आमच्याकडे ते कोर्टात पोहोचण्याआधी गल्लीतच हरले.

दुसरी गोष्ट घरातली. कुरआनने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. तो मुलाच्या निम्मा का, यावर आम्ही तासन् तास चर्चा करतो. पण तो निम्मा तरी किती जणांनी दिला? बाप गेला, चाळिसावा झाला, की भाऊ बहिणीला घेऊन दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो. हक्कसोडपत्र तयार असते. "भाऊ हवाय की जमीन?" असे कुणी उघड विचारत नाही, विचारायची गरजही नसते. आमच्या घरातही असे एक हक्कसोडपत्र आहे. आमच्या फुफीने त्यावर अंगठा उठवला होता. त्या जमिनीच्या उत्पन्नावर आमचे शिक्षण झाले, आणि त्या शिक्षणावर आज आम्ही न्यायावर लेख लिहीत आहोत.

इंदूरच्या शाहबानो यांना साठी उलटल्यावर तलाक मिळाला. पोटगीसाठी त्या कोर्टाची पायरी चढल्या आणि महिना १७९ रुपये २० पैशांची पोटगी राखत १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. मग त्यांच्यावर एवढे दडपण आले, की तो निकाल त्यांनी स्वतःच नाकारला. पायरी चढलेल्या वृद्धेला आम्ही हाताला धरून खाली उतरवले. हमीद दलवाईंनी १९६६ मध्ये सात स्त्रियांना घेऊन मुंबईत मोर्चा काढला होता. त्यांच्याशी आमचे मतभेद असतील, पण त्या स्त्रियांचा प्रश्न खोटा होता असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल?

काहीजण म्हणतील, की समाज संकटात असताना घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला? आमचे उत्तर साधे आहे. कायद्याचे राज्य म्हणजे बलवानाने दुर्बलाच्या हक्कापुढे थांबणे. सरकारपुढे आम्ही दुर्बल आहोत, म्हणून त्याने थांबावे असे म्हणतो. बहिणीपुढे आम्ही बलवान आहोत, तिथे आम्ही थांबतो का? आमचा अन्याय धुतला गेल्याशिवाय सरकारने आमच्यावर अन्याय करणे थांबवू नये, असे मुळीच नव्हे. हक्कासाठी चारित्र्याचा दाखला लागत नाही. पण जो घरात जहांगीर असतो, त्याला बाहेर काझी शुरैह मागताना आवाज चढवता येत नाही.

निदान दोन गोष्टी तरी आजच करता येतील. प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याने कोठडीतल्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. जमातीच्या फलकावर नमाजच्या वेळा लिहितो, त्याखाली त्या कचेरीचा पत्ता लिहावा. आणि मोहल्ल्यातून कुणाला नेले, तर त्याच दिवशी चार वडीलधाऱ्यांनी त्याच्या घरी जाऊन बसावे. दोषी असेल तर कोर्ट ठरवील. तोवर त्या घरात चूल पेटती राहिली पाहिजे.

आमची फुफी आता थकली आहे. मागच्या ईदला तिच्याकडे गेलो तेव्हा त्या कागदाचा विषय काढला. ती म्हणाली, "जाऊ दे रे, माफ केलंय मी." माफी देणे हा तिचा अधिकार, तो तिने बजावला. वाटा देणे हे आमचे काम आहे, आणि ते अजून राहिले आहे.