पाण्याची वाट

पावसाळ्यात चाकणच्या रस्त्याला लागलं की कडेला ताडपत्री आवळलेले ट्रक दिसतात. ड्रायव्हर दोरी ओढतो तेव्हा त्याचं लक्ष मधल्या झोळावर असतं. झोळात पाणी साठतं, त्याच्या वजनानं झोळ वाढतो आणि शेवटी ताडपत्री फाटते. पावसाला उतार द्यावा लागतो, हे त्याच्या हातांना ठाऊक असतं.

रानात झाडांना झोळी बांधून मुक्काम करणाऱ्यांना मी आग्रहानं सांगतो, डोक्यावरचं छत घरी शिवा. चाकणकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. तो एक गुरुवार पाणी कुठून जाईल याचा विचार करण्यात घालवा.

छत्रीला असतं तसं हलकं, पण सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन घ्यावं. झोळी तीन मीटरची, म्हणजे छत साडेतीन मीटर लांब हवं. दीड मीटर पन्ह्याचे दोन तुकडे लांबीत जोडले की रुंदी पुरते, पण जोड नेमका कण्यावर येतो. आता अडचण पाहा. जोडायचं तर सुई टोचावी लागते, आणि टोचलं की भोक पडतं. म्हणून दोन्ही कडा एकमेकींत दुमडून जीन्सला असते तशी दुहेरी शिलाई घालायची. दोरा पॉलिस्टरचा, सुती ओलीनं कुजतो. मग सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशनं शिलाईत जिरवायचं, दारं-खिडक्या उघड्या ठेवून, आणि दिवसभर वाळू द्यायचं.

कडा सरळ कापू नयेत. दोन खिळ्यांवर सैल साखळी टांगली की जो वक्र पडतो, तोच कडेवर उतरवून कापड आतल्या बाजूला कापावं. दहा-बारा सेंटिमीटरची खोली पुरे. या वक्राचं गणित १६९१ साली लाइब्निझ, हायगेन्स आणि योहान बर्नूली यांनी सोडवलं होतं. सरळ कडेला कोपऱ्यांचा ताण मध्यापर्यंत पोहोचत नाही, ती वाऱ्यात फडफडते. आत वळलेली कड कोपरे ओढताच ताठ होते. आपल्या घरात दोन खिळे आणि एक साखळी हे काम करतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तरीही एक वाट उरते. बुंध्यावरून ओघळणारं पाणी झोळीच्या दोरीवरून चालत थेट अंथरुणात येतं. त्यासाठी छताच्या आत, झोळीच्या अलीकडे, दोरीला वीतभर सुती नाडी लोंबती बांधायची. पाणी नाडीपाशी येतं, खाली वळतं आणि जमिनीवर टपकत राहतं. बस, इतकंच. रात्र कोरडी जाते.

पहिल्या मुक्कामाला राजगुरुनगर, वाडा करत भोरगिरीला जावं. पुढच्या भीमाशंकर अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय राहता येत नाही. गावात कुणाला तरी विचारून त्यांच्या बांधावर झोळी लावावी. भातलावणीच्या दिवसांत तिथे वाकलेल्या पाठींवर इरली दिसली, तर त्यांचा उतार जरूर न्याहाळावा. पाऊस पश्चिमेकडून येतो, तेव्हा त्या बाजूची कड जमिनीजवळ उतरवायची. आणि बुंध्याला दोर थेट आवळू नये, साल कापली जाते. रुंद पट्टा घ्यावा. गाडीचा जुना, न विरलेला सीटबेल्ट उत्तम, आणि तो आपल्या भागात भंगारवाल्याकडे सहज मिळतो.