पोळलेल्यांचा विश्वास

औषध थांबवलं की त्याचा त्रासही थांबतो, असं आपण धरून चालतो. बहुतेकांच्या बाबतीत ते खरं असतं. पण काहींची गोळी सुटते, त्रास सुटत नाही. केस गळू नयेत म्हणून कितीतरी तरुण फिनास्टेराइड घेतात. ती बंद केल्यावरही कामेच्छा परतली नाही, मन उदास राहतं, असं त्यांतले काहीजण सांगतात. अशा टिकून राहणाऱ्या लैंगिक तक्रारींची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात घ्यायला लावली. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबाबत युरोपच्या औषध संस्थेनेही २०१९ मध्ये तसंच सुचवलं.

तरीही दवाखान्यात उत्तर मिळतं, ‘‘गोळी अंगातून केव्हाच गेली. आता हे सगळं तुमच्या मनात आहे.’’ ज्याचं दुखणं कुणी खरं मानत नाही, तो पहिल्यांदा ‘हो, तुमचं खरं आहे’ म्हणणाऱ्याचा होऊन जातो. आणि तो पहिला माणूस पुष्कळदा काहीतरी विकत असतो.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे उलटं घडतं. गोळीने पोळलेला माणूस बाटलीवर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’ वाचतो आणि न फुंकताच घोट घेतो. फिनास्टेराइड ज्या विकराला रोखते, त्यालाच सॉ पाल्मेटो या बुटक्या ताडाच्या फळांचा अर्क रोखतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. तो अर्क केसांसाठी ‘नैसर्गिक पर्याय’ म्हणून विकला जातो. म्हणजे ज्या वाटेवर ठेच लागली, तीच वाट पुन्हा, फक्त पाटी हिरवी.

गुळवेलीचं उदाहरण तर घरातलंच. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते, असं म्हटलं. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, काढा पिणाऱ्याला पेल्यातली वेल कोणती हे कसं कळावं?

यात आयुर्वेदाला कमी लेखायचं कारण नाही. औषध चुकीच्या रीतीने वापरलं तर विष ठरतं, हे चरकसंहितेनेच बजावलं आहे. जाणता वैद्य नाडी पाहतो, आधी काय घेत होतात ते विचारतो, मात्रा ठरवतो, पथ्य सांगतो. बाटली यातलं काहीच विचारत नाही. ज्यात गुण करण्याची ताकद आहे, त्यात अपाय करण्याचीही असणारच. ‘साइड इफेक्ट अजिबात नाही’ असं छातीठोक सांगणारा एक तर निरुपयोगी वस्तू विकतो, नाही तर खोटं बोलतो.

म्हणून नैतिक प्रश्न वनस्पतीचा नाही, पोळलेल्या माणसाच्या विश्वासाचा आहे. डॉक्टरची नकारघंटा आणि विक्रेत्याची खात्री, दोन्हींत तीच उणीव आहे: ‘मला माहीत नाही’ म्हणण्याचा प्रामाणिकपणा. तो दाखवूनही रुग्णाच्या बाजूने उभं राहता येतं. ‘तुमचा त्रास खरा आहे, त्याचं कारण मला सांगता येत नाही, पण मी तुम्हाला सोडणार नाही’ एवढं ऐकायला मिळालं, तर कितीतरी जण डब्यांमागे डबे रिकामे करणार नाहीत.

रुग्णाचंही कर्तव्य आहेच. एका वेळी एकच गोष्ट घ्यावी, काय आणि कधीपासून घेतो ते लिहून ठेवावं, डॉक्टरांपासून लपवू नये. औषधाने झालेला त्रास भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतः कळवू शकतो. त्या नोंदीचा फायदा पुढच्या माणसाला होतो.

पण चूर्णाचं नाव काढताच जिथे ओरडा बसतो, तिथे रुग्ण चूर्ण सोडत नाही, फक्त सांगणं सोडतो. मग पुढची गोळी लिहिणारा हात अंधारातच लिहितो. ‘आणखी काय काय घेता?’ हे न रागावता विचारणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि त्याला एक मिनिटही पुरतं.