तक्रारीचा हक्क

गेम खेळणारी मंडळी फार कुरकुर करतात, त्यांना सगळं आपल्या मनासारखं हवं असतं, असं सर्रास बोललं जातं. अनेक वर्षं गेम खेळत आल्यामुळे या आरोपाचा विचार मी बराच केला आहे. तक्रार रास्त की अवाजवी, हे ओळखायला मला एकच कसोटी पुरेशी वाटते : विकताना काय सांगितलं होतं आणि हातात काय पडलं?

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीवरची आवृत्ती दिली होती. ज्यांनी तो पीएस-४ किंवा एक्सबॉक्स वन या कन्सोलसाठी आगाऊ पैसे भरून घेतला, त्यांच्याकडे तो अडखळत चालायचा, मध्येच बंद पडायचा. आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो पुन्हा विक्रीला आला जून २०२१ मध्ये. ही दखल घेतली गेली, कारण लोक गप्प बसले नाहीत. आपल्याकडे मोठ्या कन्सोल गेमला चार-पाच हजार रुपये मोजावे लागतात. तेवढे मोजणाऱ्याने चालणारा गेम मागितला, तर त्याला हावरट कसं म्हणायचं?

मार्च २०१२ मध्ये आलेल्या ‘मास इफेक्ट ३’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. खेळाडूने पहिल्या भागात घेतलेले निर्णय तिसऱ्यापर्यंत सोबत येतात, हे या मालिकेचं वैशिष्ट्य. त्या निर्णयांचं प्रतिबिंब शेवटात दिसेल, असं कॅनडाच्या बायोवेअरने सांगितलं होतं. प्रत्यक्षात शेवट तीन पर्यायांवर आला, आणि तिन्ही दिसायला जवळपास सारखे. नाटकाचा शेवट रुचला नाही म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. जाहिरातीतला तिसरा अंक झालाच नाही, तर मात्र मागतो. इथे दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये बायोवेअरने शेवटाचा विस्तार मोफत दिला. मूळ शेवट कायम ठेवून त्यातल्या रिकाम्या जागा भरल्या. मला हा निवाडा योग्य वाटतो : शेवट कोणता असावा हा लेखकाचा अधिकार, आणि दिलेला शब्द पाळला जावा हा ग्राहकाचा.

ग्राहकाचा हा अधिकार मात्र एका ठिकाणी संपतो. ‘सायबरपंक’ लांबणीवर पडला तेव्हा तो बनवणाऱ्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ या गेममध्ये ॲबी या पात्राला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीलाही तशाच धमक्या आल्या. तिचा दोष काय, तर पात्र लोकांना आवडलं नाही. अशा वागण्याला तक्रार म्हणताच येत नाही. शिवाय त्यामुळे रास्त तक्रारीही बदनाम होतात आणि कंपन्यांना कानाडोळा करायला निमित्त मिळतं.

मी स्वतः आगाऊ पैसे भरून घेतलेला एक गेम सतत बंद पडत होता. ‘पॅच येईल’, म्हणजे दुरुस्ती येईल, एवढंच उत्तर मिळत राहिलं. मी तो कुठे बंद पडतो, कोणत्या मशिनवर, हे नीट लिहून पाठवत राहिलो. त्यात मला कमीपणा वाटला नाही. तुमच्यावरही अशी वेळ आली तर जरूर तक्रार करा. ती नेमकी करा, पुराव्यानिशी करा, आणि बोट मालावर ठेवा, माणसावर नको.